नशीब बाजूला ठेवून खेळायचे पत्ते

काही वर्षांपूर्वी गोव्याहून वडोदऱ्याला चाललो होतो. नर्मदेचा पूल ओलांडला, भरूच मागे पडले आणि गाडी करजणला सिग्नलसाठी थांबली. स्टेशनाचे पूर्ण नाव मियागाम करजण. पूर्वीच्या गायकवाडी मुलखातले हे गाव. इथूनच १८६२ साली डभोईपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा ती बैल ओढत असत. ही माहिती मनाशी घोळवत मी खिडकीबाहेर पाहत होतो, तेवढ्यात कानावर शब्द पडले, "एक चौकट." "एक इस्पिक." "पास." "दोन बदाम."

समोरच्या बाकांवर वडोदऱ्याचे चार मराठी गृहस्थ, मध्ये उभी केलेली बॅग, बॅगेवर वर्तमानपत्र आणि त्यावर पत्ते. मराठीला गुजराती वळण, पण पत्त्यांचे शब्द अगदी आपल्या घरातले. ते ब्रिज खेळत होते. त्यांतले सर्वांत वयस्कर आजोबा पाने गोळा करता करता मला म्हणाले, "तीस वर्षे क्लबात खेळतोय, एक पैसा कधी लावला नाही. पण घरी कुणी विचारलं तर अजून हेच सांगतात, जुगाराला गेलेत!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे 'पत्ते कुटणे' हा शब्दप्रयोगच बघा ना. बुद्धिबळ माणूस 'खेळतो', पत्ते मात्र 'कुटतो'! तर मग ब्रिज हा खेळ की जुगार? आणि जुगार नव्हे, तर तो जुगारापासून वेगळा झाला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि गंमत म्हणजे ती वाट आपल्या शेजारच्या सावंतवाडीवरून जाते.

पत्ते युरोपियनांनी आणले असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. त्याआधी आपल्याकडे गंजिफा होता. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा खेळ इथे रुजला आणि त्याने इथलेच रूप घेतले. दशावतारी गंजिफ्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण १२० गोल पाने. सावंतवाडीच्या चितारींनी ही कला जपली. ती मरणपंथाला लागली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच तिला पुन्हा उभे केले. गोव्यातून सहज जाऊन येण्यासारखी ही जागा. ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी.

गंजिफा तिघांनी खेळायचा. त्यात हुकूम नाही. निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर दश्शी मोठी, तर उरलेल्या रंगांत एक्का मोठा. म्हणजे कोणत्या रंगात कोणते पान श्रेष्ठ हे लक्षात ठेवायचे आणि शिवाय कोणती पाने पडून गेली हेही लक्षात ठेवायचे. देवांची नावे घेत खेळायचा हा खेळ स्मरणशक्तीची मोठीच परीक्षा घेत असे. याला कोण 'कुटणे' म्हणेल?

युरोपियन पत्ते मात्र दर्यावरून आले आणि पहिल्यांदा आणले ते पोर्तुगीजांनी. त्यांच्या जुन्या पत्त्यांत तलवार, पेला, नाणे आणि सोटा असे चार रंग असत. इंग्रजांनी पुढे चित्रे फ्रेंचांची घेतली, पण दोन नावे जुनीच ठेवली. म्हणून तीन पाकळ्यांच्या किलवराला इंग्रजीत 'क्लब' म्हणजे सोटा म्हणतात, आणि इस्पिकाच्या 'स्पेड'मध्ये तलवारीची आठवण राहिली आहे. पोर्तुगीज भाषेत तर बदामाला अजूनही 'कोपश', म्हणजे पेले, असेच म्हणतात.

इंग्रजांचा लाडका खेळ व्हिस्ट. १७४२ साली एडमंड हॉईलने त्यावर पुस्तक लिहिले आणि पत्त्यांना पहिल्यांदा शास्त्राचा दर्जा आला. चार भिडू, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, तेरा हात. आपल्याकडे लाडीस किंवा मेंढीकोट खेळणाऱ्याला हे नवीन नाही. व्हिस्टमधून ब्रिज निघाला. त्यात एका भिडूने आपली पाने टेबलावर उघडी मांडून गप्प बसायचे. पुढे बोली लावण्याची पद्धत आली आणि त्याला ऑक्शन ब्रिज म्हणू लागले. हा प्रकार हिंदुस्थानात आडगावी नेमणूक झालेल्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शोधून काढला, असे ब्रिजच्या इतिहासात सांगतात. चौथा भिडू मिळत नव्हता, म्हणून तिघांनीच खेळण्याची सोय केली आणि त्यातून बोली जन्मली! आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज मात्र अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टचा. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर त्याने गुणांची नवी रचना सोबत्यांबरोबर खेळून पाहिली. काही वर्षांतच ती जगभर पसरली.

ब्रिजची बोली ही एक स्वतंत्र भाषा आहे. तिच्यात शब्द पंधराच! एक ते सात हे आकडे, चार रंग आणि पाचवा 'नो ट्रम्प' म्हणजे बिनहुकूम, शिवाय पास, डबल आणि रीडबल. एवढ्या शब्दांत भिडूला सांगायचे की माझ्याकडे काय आहे, काय नाही आणि मिळून आपण किती हात करू शकू. त्यात मेंढीकोटासारखे डोळे मिचकावणे नाही, खाकरणे नाही. इतकेच काय, आपल्या बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर तोही सांगावा लागतो. संकेत असतात, पण गुप्त संकेत चालत नाहीत. मोठ्या स्पर्धांत तोंडाने बोलतही नाहीत, छापील पत्रे मांडून बोली लावतात. वरच्या पातळीवर तर टेबलावर आडवा पडदा असतो, भिडूला भिडूचे तोंड दिसत नाही.

एवढे करूनही लबाडी होतेच. २०१५ साली इस्रायलची एक नामांकित जोडी पाने ठेवायचा बोर्ड टेबलावर कुठे सरकवायचा यावरून एकमेकांना खुणा करते, असा आरोप नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांड या खेळाडूने केला. चित्रफिती तपासल्या गेल्या आणि पुढे त्या जोडीवर बंदी आली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धा आपल्या चेन्नईत भरली होती. तिच्यातून इस्रायलच्या संघाने माघार घेतली. ब्रोगेलांड त्या जोडीबरोबर पूर्वी एकाच संघातून खेळला होता, आणि त्या संघाने जिंकलेली विजेतेपदे त्याने सोडून दिली. जुगाराच्या अड्ड्यावर असे कोणी केल्याचे ऐकले आहे का?

आता मूळ प्रश्न. पत्ते पिसून वाटले की नशीब आलेच. एका माणसाच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या तऱ्हा ६३ हजार ५०१ कोटींहून अधिक आहेत! चांगली पाने आली की जिंकलो, वाईट आली की हरलो, मग अक्कल कसली? यावरचा तोडगा इतका साधा आहे की आश्चर्य वाटते. सगळ्यांना तीच पाने द्यायची.

१८५७ साली लंडनमध्ये 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्सने व्हिस्टवर हा प्रयोग केला. तीच पाने दोन टेबलांवर खेळवली आणि निकाल ताडून पाहिला. यालाच डुप्लिकेट म्हणतात. आज कुठल्याही ब्रिज क्लबात हेच चालते. चार खणांचा एक बोर्ड असतो, त्यात चौघांची पाने वेगवेगळी. खेळताना पान मध्ये टाकायचे नाही, आपल्यासमोरच उपडे ठेवायचे; हात जिंकला तर उभे, हरला तर आडवे. डाव संपला की आपली तेरा पाने पुन्हा आपल्या खणात आणि बोर्ड पुढच्या टेबलावर. उत्तर-दक्षिण बसलेल्या जोड्या जागेवर राहतात, पूर्व-पश्चिमवाले पुढे सरकतात. तीन-साडेतीन तासांत वीस-पंचवीस डाव होतात. शेवटी तुमची तुलना त्याच पानांवर, त्याच दिशेला बसलेल्या इतर जोड्यांशी होते. ज्या जोडीपेक्षा तुम्ही चांगले केले तिच्यामागे एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा.

यात एक मोठी मौज आहे. समजा, पाने प्रतिस्पर्ध्यांकडेच आहेत आणि चार इस्पिकाची बोली पुरी करून ते ४२० गुण घेणार. तुम्ही मुद्दाम पाच किलवर बोललात, त्यांनी डबल दिला, तुम्ही दोन हातांनी पडलात. त्यांना मिळाले ३००. त्या टेबलावर तुम्ही हरलात, पण इतर टेबलांवर तुमच्या जागी बसलेल्यांनी ४२० गमावले असतील तर तुम्ही जिंकलात! वाट्याला आलेले वाईट, पण त्याचे तुम्ही केले काय, एवढेच मोजले जाते.

आणि 'करणे' म्हणजे काय, तर मोजणे. एखाद्या रंगाची चार पाने विरुद्ध बाजूच्या दोघांत आहेत. ती दोन-दोन अशी सारखी वाटलेली असतील असे आपल्याला वाटते. हिशेब सांगतो, तीन-एक अशी वाटणी शंभरात सुमारे पन्नास वेळा होते, दोन-दोन सुमारे एकेचाळीस वेळाच. पाच पाने बाहेर असली तर मात्र तीन-दोन अशी वाटणी शंभरात अडुसष्ट वेळा. चांगला खेळाडू हे आकडे पाठ करून थांबत नाही. कोण काय बोलला, कोण गप्प राहिला, पहिली उतारी कशाची झाली, यावरून न दिसणारी सव्वीस पाने तो मनात मांडत जातो.

राष्ट्रीय पातळीवर चौघांच्या संघांचा सामना असतो. एका खोलीत तुमची जोडी उत्तर-दक्षिण, दुसऱ्या खोलीत त्याच पानांवर तुमच्याच संघाची दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. रुईया करंडक हा देशातला संघांसाठीचा मानाचा किताब. इंदूरच्या होळकरांच्या नावाचाही करंडक राष्ट्रीय स्पर्धेत आहे. म्हणजे मराठी संस्थानिकांचा या खेळाशी संबंध केवळ दिवाणखान्यापुरता राहिला नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत पुढे तोच कायदा चालत आला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचे प्रकरण आले. रमीत कौशल्य मुख्य आहे असा निर्णय देताना न्यायालयाने दाखला दिला तो ब्रिजचा. पाने वाटली जातात तेवढ्यापुरते नशीब दोन्हींकडे सारखेच, असा त्याचा आशय. म्हणजे ब्रिज हा कौशल्याचा खेळ आहे हे न्यायालयाने गृहीतच धरले होते, ते सिद्ध करायची गरज रमीला पडली!

पण कायद्याला पटले ते समाजाला पटतेच असे नाही. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला. साठ वर्षांचे प्रणव बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिवनाथ दे सरकार या बंगाली जोडीने चीनच्या जोडीला सहा गुणांनी मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. अजय खरे ज्यात होते त्या पुरुष संघाला कांस्य, आणि ज्यांचे माहेर मराठी त्या हेमा देवरा ज्यात होत्या त्या मिश्र संघालाही कांस्य. पुढे २०२३ साली हांगझोऊला पुरुष संघाने रौप्यपदक जिंकले, त्यातही खरे होते. पण सुवर्णपदक गळ्यात असतानाही त्या बंगाली जोडीला वार्ताहरांना सांगावे लागले की हा जुगार नव्हे. करजणच्या गाडीतले आजोबा आणि आशियाई विजेते, दोघांचे दुःख एकच!

आपल्या गोव्यात तर ही गोष्ट अधिकच अवघड. १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांना वाट मोकळी केली. २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली खरी, पण मांडवीवरच्या दिव्यांनी 'पत्ते' या शब्दाला जो रंग दिला तो जात नाही. त्यात जत्रेतले जुगाराचे पट आहेतच. अशा वातावरणात एखाद्या मुलाने घरी सांगितले, मी पत्त्यांच्या स्पर्धेला जातो, तर आईच्या पोटात गोळा येणारच. तिला दोष कसा द्यावा?

तरी मला वाटते, हा फरक आपण मुलांना समजावून सांगायला हवा. कॅसिनोच्या टेबलावर समोर घर बसलेले असते आणि हिशेब घराच्या बाजूने मांडलेला असतो. तिथे खेळणाऱ्याचे काहीच चालत नाही. ब्रिजच्या टेबलावर समोर आपल्यासारखाच माणूस असतो, पाने सर्वांना तीच असतात आणि चुकले तर दोष देण्यासाठी नशीबही हाताशी नसते. ज्यांच्या शेजारी दशावतारी गंजिफा जगला, जे गोकुळाष्टमीच्या जागरणाला रात्रभर तीनशे चार खेळले, त्यांना हे कळायला कठीण जाऊ नये. नाहीतर क्लबांत म्हातारे खेळत राहतील आणि तरुणांच्या वाट्याला पत्ते येतील ते फक्त जहाजावरचे, किंवा मोबाइलवरचे, पैसे लावायचे.

सिग्नल मिळाला, गाडी हलली. वडोदरा येईपर्यंत त्यांचे आणखी तीन डाव झाले. शेवटच्या डावात आजोबांकडे पाने अगदीच हलकी होती. ते दोन हातांनी पडले आणि भिडूला म्हणाले, "यापेक्षा कमी कुणी पडला नसता." मग पत्त्यांचा जोड डबीत घातला, डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावले.