भोकरच्या मतदाराला तीन मते का? नगर परिषदेची प्रभाग पद्धत

नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे गाव. इथे नगर परिषद आहे. विधानसभेला एकच बटण दाबायची सवय झालेला मतदार पालिकेच्या मतदानाला गोंधळतो, कारण इथे साधारणपणे तीन मते द्यायची असतात.

नगर परिषदेत एका प्रभागातून सहसा दोन नगरसेवक निवडले जातात. त्या जागांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. दोन्हींसाठी एकेक मत आणि तिसरे थेट नगराध्यक्षाला. तिन्ही मते दिल्याशिवाय यंत्राचा लांब बीप वाजत नाही. एखाद्या जागेचा कुणीच उमेदवार पसंत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ आहे.

स्कॉटलंडमध्येही एका वॉर्डातून अनेक नगरसेवक येतात. पण तिथे 2007 पासून मतदार 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात. आपल्याकडे प्रत्येक जागेची लढत वेगळी. त्यामुळे ‘अ’मध्ये हरलेल्याला ‘ब’च्या विजेत्यापेक्षा जास्त मते असू शकतात, तरी तो घरीच बसतो! निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने कोण कुठून लढणार, हे बरेचसे सोडतीतच ठरते.

नगराध्यक्षाची थेट निवड 2020 मध्ये बंद झाली, 2022 मध्ये पुन्हा आली. यात नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे घडू शकते. मग ठराव अडतात.

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मात्र विधानसभेचीच, प्रभागनिहाय फोडलेली. तिथे नाव नसेल तर पालिकेलाही मत नाही.