वाटाण्याएवढ्या ग्रंथीची कहाणी

बैलहोंगल म्हटले की गायनप्रेमींना पं. के. जी. गिंडे आठवतात. त्यांचे बंधू डॉ. राम गिंडे हे मुंबईतील नामवंत मेंदूशल्यचिकित्सक होते, हे मात्र आपल्या जिल्ह्यातही थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या पिढीच्या शल्यचिकित्सकांपुढे जगभर जी कोडी होती, त्यांतले एक म्हणजे पोषग्रंथीची गाठ.

मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी. १८८६ साली पिएर मारी या फ्रेंच वैद्याने हातपाय व जबडा वाढत जाण्याच्या विकाराला नाव दिले, आणि १९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी त्याचे मूळ या ग्रंथीच्या अतिरेकी स्रावात दाखविले. पण गाठ होतेच का? खोट ग्रंथीतच, की वरून मेंदूचे हुकूम जास्त येतात? हा वाद पुढे कित्येक दशके चालला.

निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला यातले अर्धे उत्तर सहज पटेल. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात, कारण त्यांना दाबून ठेवणारा रस शेंड्यातच असतो. १९५८ साली डॉन नेल्सन यांनी असेच काहीसे नोंदविले. रोग्याच्या मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, त्यांचे ‘पुरे’ म्हणणारे हॉर्मोन थांबले आणि पोषग्रंथीतली गाठ वाढली. १९८२ मध्ये तर एका रोगिणीच्या स्वादुपिंडातील गाठच वाढीचे हुकूम सोडत होती. ती काढताच विकार ओसरला!

हुकूमवाद्यांची सरशी झाली असे वाटले, तोच पारडे फिरले. १९८९ मध्ये असे दिसले की, वाढ-हॉर्मोन स्रवणाऱ्या सुमारे ४० टक्के गाठींत पेशीतली एक कळ कायमची चालूच राहते, हुकूम येवो न येवो. १९९० मध्ये बहुतेक गाठी एकाच पेशीपासून वाढतात हेही कळले. म्हणजे बी पेशीतले. खतपाणी मात्र हॉर्मोनांचे व वाढ-घटकांचे. २०१५ साली कुशिंग-विकाराच्या अनेक गाठींत एक जनुकदोष सापडला. त्यामुळे वाढ-घटकाचा निरोप घेणारे पेशीवरचे दार मोडीत निघतच नाही, निरोप येत राहतो.

आपल्या घरांशी याचा संबंध अगदी जवळचा आहे. पाळी थांबलेली, मूल नाही, बाळंतपणाशिवाय अंगावर दूध येते. अशा सुनेला किती घरांनी बोल लावले असतील! पुष्कळदा हे प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठीचे काम असते. या पेशींना मेंदूचे डोपामीन ‘पुरे’ म्हणते. १९७०च्या दशकात आलेले ब्रोमोक्रिप्टीन त्याचीच नक्कल करते. बहुतेक वेळा गाठ गोळ्यांनीच आकसते, पाळी परतते, दिवसही राहतात. गरोदरपणी इस्ट्रोजन वाढते तेव्हा मोठी गाठ पुन्हा फुगू शकते. नजर धूसर झाली, डोके सारखे दुखू लागले, तर लगेच डॉक्टरांना सांगायचे. मग दवाखान्याचा फलक कन्नडात असो की मराठीत, बेळगावचा असो की मिरजेचा.