जांभळ्या पाण्याची गोष्ट

नागपुराहून जबलपूरच्या वाटेने निघाले म्हणजे मनसर लागते. तेथल्या काळ्या, जड दगडाने विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखाचे नाव परदेशच्या बाजारात नेले. हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. ते येथून गेले आणि पोलादाच्या भट्ट्यांत खपले. आम्हाला मात्र येथे सांगायचे आहे ते त्याच धातूच्या एका जांभळ्या लवणाविषयी. पटकीच्या साथीत विहिरीत टाकीत तेच हे पोटॅशियम परमँगनेट.

द्रावण दाट केले तर विक्रिया जलद होते, हे रंगाऱ्याला आणि साबणवाल्याला पूर्वापार ठाऊक होते. पण किती जलद, हे कोणी मोजले नव्हते. १८५० साली जर्मनीत विल्हेल्मी याने उसाची साखर आम्लात घालून ते मोजले. प्रकाशाची ध्रुवणदिशा हे पाणी आधी उजवीकडे फिरवते आणि साखर फुटत जाते तसे डावीकडे. त्यावरून त्याला दिसले की, कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. निम्मी उरली की वेगही निम्मा. एवढा मोठा शोध, पण रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे तीसएक वर्षे ढुंकूनही पाहिले नाही!

ऑक्सफर्डचे हारकोर्ट आणि त्यांचे गणिती सहकारी एसन यांनी १८६५च्या सुमारास परमँगनेट व ऑक्झॅलिक आम्ल यांची विक्रिया हाती घेतली. ठराविक मिनिटांनी पोटॅशियम आयोडाइड ओतून ती एकदम थांबवायची आणि किती परमँगनेट उरले ते काढायचे, अशी त्यांची युक्ती. उष्णमान मात्र जराही हलू द्यायचे नाही, कारण उष्णतेनेही वेग वाढतो. (आमच्या मे महिन्यात त्यांची त्रेधाच उडाली असती.) संहती घटत जाते तसा वेग मंदावला पाहिजे, पण येथे तो आरंभी उलट वाढे! विक्रियेतून निपजणारे मँगनीजचे लवणच उत्प्रेरक होऊन पुढच्या विक्रियेला हात देत होते. नियम खोटा नव्हता, उदाहरण गुंतागुंतीचे होते. तेव्हा त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड व आयोडाइड यांची साधी जोडी घेतली आणि तेथे हिशेब जुळला. पहिला प्रयोग फसला असे आम्ही म्हणणार नाही.

याच सुमारास, १८६४ साली, नॉर्वेत गुल्डबर्ग व वागे यांनी वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला. सीताबर्डीच्या बाजारात गर्दी दुप्पट झाली की धक्के वाढतात, तसेच कणांचे. दोन पदार्थांपैकी प्रत्येकाच्या संहतीच्या प्रमाणात वेग बदलत असेल, तर दोन्ही दुप्पट केल्यावर तो चौपट होतो. मात्र प्रत्येक विक्रियेत असेच घडते असे नाही. ते प्रयोगानेच ठरवावे लागते. व्हांट हॉफने १८८४ साली या साऱ्याला शास्त्राचे रूप दिले.

मँगनीजच्या या मुलखातले खाणमालक, कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान व रसायन यांच्या शिक्षणासाठी मोठी देणगी ठेवली. तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. दगड परदेशी गेला तो गेलाच. पण खाणीच्या पैशातून रसायनाचे शिक्षण अमरावती रस्त्यावर आले, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

आजही कॉलेजातला विद्यार्थी गरम ऑक्झॅलिक आम्लात परमँगनेटचे थेंब सोडतो. पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नाही, आणि मग पुढचे थेंब पडताक्षणी विरून जातात.