शह देत देत मात

चेक पास करणारा आणि चेक परत करणारा एकाच काउंटरवर बसत असले, तरी दोघांच्या कष्टांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. परत करायला एक कारण पुरतं. सही जुळत नाही, तारीख पुढची आहे, अक्षरी रक्कम आणि आकडे यांचं आपसांत भांडण आहे. यातलं एक सापडलं की काम संपलं, चहा मागवायला हरकत नाही. पास करायचा म्हणजे मात्र सगळ्या हरकती एकेक करून निकालात काढाव्या लागतात. बी. कॉम.च्या तीन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही, नोकरीनं शिकवलं. बुद्धिबळातली सक्तीची मात शोधणाऱ्या कॉम्प्युटरलाही हेच करावं लागतं, हे कळल्यापासून त्या यंत्राबद्दल मला एकदम बंधुभाव वाटू लागला आहे.

मात करणाऱ्याला दर वेळी एकच बरोबर चाल सापडली तरी भागतं. पण समोरच्याच्या प्रत्येक उत्तराची व्यवस्था त्याला लावावी लागते. दहातली नऊ उत्तरं हाणून पाडली आणि दहावं राहिलं, तर ती सक्तीची मात नव्हे, नुसता आशावाद.

आता जरा हिशेब मांडू. हा हिशेब मी पानशेतच्या शाखेत असताना, पावसाळ्यात लिंक गेलेली असताना, एका कोऱ्या विड्रॉवल स्लिपच्या पाठीवर केला होता. (पानशेत म्हटलं की पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो, नाहीतर कांदाभजी. मधलं काही नाही. बँकेची शाखा तर कुणालाच आठवत नाही.) डावाच्या मध्यावर प्रत्येकाला सरासरी ३० चाली असतात असं धरा. तीन खेळींत मात म्हणजे आपल्या तीन आणि त्याच्या दोन अशा पाच चाली. तीसला तीसनं गुणत पाच पायऱ्या चढलं की होतात २ कोटी ४३ लाख शक्यता. आता फक्त शहच द्यायचे असं ठरवा. शह मिळतील समजा तीन, आणि शह मिळाल्यावर राजाला उत्तरं असतील दोन. तीन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले दोन गुणिले तीन : १०८! एवढी तर आमच्या शाखेत एका सोमवारी व्हाउचरं होतात.

शह म्हणजे समोरच्याचे २८ दरवाजे एका झटक्यात बंद करणं. ही गोष्ट यंत्रवाल्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे ठाऊक होती. आपण मराठीत 'मनसुबे रचणे' म्हणतो. हा 'मनसुबा' अरबी-फारसीतून आला, आणि तिकडे मनसूबा म्हणजे बुद्धिबळातलं रचलेलं कोडंसुद्धा. या मनसुब्यांची एक ठरलेली खोड असे : ज्यानं मात करायची त्याचाच राजा मरणाच्या दारात उभा. पुढच्या चालीत आपणच मरणार, म्हणून दर चालीला शह देणं भाग. दिलारामची कथा त्यातलीच. नवऱ्यानं पटावर बायको पणाला लावली (ही परंपरा आपल्याला नवीन नाही) आणि डाव हरत आला. पडद्याआडून बायकोनं सुचवलं, दोन्ही हत्ती देऊन टाका, पण मला देऊ नका. नवऱ्यानं ऐकलं. हत्ती गेले, शहावर शह पडत गेले, आणि शेवटी घोड्यानं मात झाली. कथा खरी की खोटी कोण सांगणार, पण कोडं आजही पटावर मांडून बघता येतं. आणि त्यात एकही चाल शहाविना नाही.

१८१४ साली, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर असताना, मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत 'विलासमणिमंजरी'वरून त्यांनीच ते इंग्रजीत आणलं. मुख्यतः पटावरच्या अडचणीच्या स्थिती, म्हणजे कोडीच, आणि तीही साहेबाच्या नियमांना जुळवून घेतलेली. देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची सवलत असे. साहेबाचा राजा उडी मारत नाही. चार वर्षांनी पेशवाई बुडाली, पण शास्त्रीबुवांनी नियम आधीच जुळवून ठेवले होते. काळाची पावलं ओळखणं म्हणतात ते हेच असावं.

यंत्राची पाळी आली १९५१ साली. मँचेस्टरला डीट्रिख प्रिन्झ नावाच्या जर्मनीहून आलेल्या गृहस्थांनी फेरांटी कंपनीच्या यंत्राला 'दोन खेळींत मात' शोधायला लावली. यंत्र संपूर्ण डाव खेळूच शकत नव्हतं. किल्लेकोट नाही, प्याद्याचा वजीर होणं नाही. पण दोन खेळींची मात त्यानं सुमारे १५ मिनिटांत काढली. पद्धत आमच्या जुन्या ऑडिटरची : पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं बघायचं, संशय असो वा नसो.

खरी अक्कल आली १९६६ साली, अमेरिकेत. जॉर्ज बेलर आणि हर्बर्ट सायमन यांनी 'मेटर' नावाचा कार्यक्रम लिहिला. सायमनना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आम्हा कॉमर्सवाल्यांची मान या प्रकरणात उगाच ताठ आहे. मेटरची युक्ती इतकी साधी, की ती कुठल्याही हेड कॅशियरला सुचावी. शह बघायचे, आणि त्यातही ज्या शहानंतर समोरच्याकडे सर्वांत कमी उत्तरं उरतात तो आधी बघायचा. रांगेत ज्याच्या हातात एकच स्लिप आहे त्याला आधी मोकळा करावा, पिशवीभर चिल्लर आणणाऱ्याला मागे ठेवावं, तसंच.

ही युक्ती किती खोल नेते, ते १९१२ सालच्या लंडनमधल्या एका डावात दिसतं. एडवर्ड लास्करनं जॉर्ज थॉमसच्या किल्ल्यावर वजीर नेऊन आपटला. राजानं तो घ्यायलाच हवा, दुसरी चालच नाही. मग घोड्यानं दुहेरी शह. दुहेरी शहाला मोहरा मध्ये घालता येत नाही, राजालाच हलावं लागतं. तो हलला, आणि तिथून जो निघाला तो एकेक शह खात, सगळा पट ओलांडून, लास्करच्या घरात पहिल्या ओळीत येऊन उभा राहिला. वजीर दिल्यापासून आठव्या खेळीला मात. आठ खेळी म्हणजे पंधरा चाली. सगळ्या शक्यता मोजायला बसलो असतो तर माझं पेन्शनही संपलं असतं. पण प्रत्येक पायरीवर राजाला एक नाहीतर दोनच घरं. यंत्रानं पुढे हा डाव तपासला आणि शेरा मारला की मात एक खेळी आधी होत होती; मधे एका प्याद्याऐवजी दुसरं पुढे ढकलायला हवं होतं. इतक्या सुंदर व्हाउचरवर पेन्सिलनं हरकत घेणारा हा ऑडिटर मला काही आवडला नाही, पण हरकत बरोबर आहे.

पुढे काम आणखी नेटकं होत गेलं. १९७० साली अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी पटावरच्या प्रत्येक स्थितीला एक आकडा द्यायची सोय काढली, म्हणजे वेगळ्या वाटेनं तीच स्थिती पुन्हा आली की यंत्रानं जुनी नोंद काढावी, नव्यानं डोकं शिणवू नये. खाते क्रमांकच की! १९९४ साली हॉलंडच्या व्हिक्टर ॲलिस यांनी सहकाऱ्यांबरोबर मेटरचीच युक्ती वाढवली : नुसतं पुढच्या चालीचं बघू नका, मात सिद्ध व्हायला एकूण किती कमीत कमी जागा अजून तपासायच्या राहिल्यात ते मोजा, आणि जिथे थोडं उरलंय तिथेच आधी जा. या वाटेनं फळ मिळालं ते जपानात. त्यांच्या शोगी खेळातल्या कोड्यांचा नियमच असा, की मात करणाऱ्याची प्रत्येक चाल शहाची हवी. तिथे दोन्ही बाजूंच्या मिळून १५२५ चालींचं एक कोडं रचलं गेलं, आणि १९९७ साली यंत्रानं ते सोडवलं. दीड हजार चाली! तीसनं गुणायला मी स्लिपसुद्धा काढली नाही.

हे सगळं मी पानशेतला बँकेसमोरच्या हॉटेलात एका आबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. आबा पासबुक भरायला येत आणि लिंक येईपर्यंत पट मांडून बसत. शेजारी दोघांचा डाव चालला होता आणि एक जण धडाधड शह देत सुटला होता. आबा म्हणाले, "सायेब, राजा पळतोय म्हंजे मरतोय असं न्हाई. त्याला पळवत ऱ्हायलं तर त्यो सुटतोय. येकदा गप बसून वाट बुजवायची."

आबांनी यंत्राच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. फक्त शह बघणाऱ्याला शांत चाल दिसतच नाही. आणि दोन खेळींच्या बहुतेक रचलेल्या कोड्यांत पहिली चाल शांतच असते. म्हणजे प्रिन्झसाहेबांचा सगळी पानं उलटणारा ऑडिटर अगदीच खुळा नव्हता! यंत्रवाल्यांनी त्यावरही तोड काढली. शांत चाल केल्यावर क्षणभर समजायचं की समोरचा खेळलाच नाही, आणि मग शह देत मात होते का ते बघायचं. होत असेल तर त्या चालीत धमकी आहे, आणि समोरच्याची तेवढीच उत्तरं तपासायची जी ती धमकी मोडतात. होत नसेल तर बहुधा चाल सोडून द्यायची. 'बहुधा' अशासाठी, की कधी कधी समोरचा मरतो तो धमकीनं नव्हे. खेळायची पाळी त्याची आहे आणि जी हलवावी ती सोंगटी त्याचंच नुकसान करते, म्हणून मरतो. अशा ठिकाणी यंत्राला पुन्हा सगळं दप्तर उपसावं लागतं.

आबांना मी हे सांगेपर्यंत त्यांनी शह देणाऱ्याला उठवून त्याची जागा घेतली होती. एक प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि बिडी शिलगावली. समोरचा बराच वेळ पटाकडे बघत होता. तेवढ्यात शाखेतून हाक आली, लिंक आली म्हणून.