जठरव्रण व एका वैद्याचे धैर्य

जठरव्रण, म्हणजेच अल्सर, आम्लाधिक्याने व मनस्तापाने होतो, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानीत असे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली रुग्णांच्या जठरात वक्र जंतू आढळले. १९८१ साली तरुण डॉ. बॅरी मार्शल त्यांचे सहकारी झाले. हे जंतूच व्रणाचे कारण, हे उभयतांचे मत विद्वज्जनांस रुचेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच प्राशन केले! काही दिवसांतच वांत्या झाल्या व तपासणीत जठरदाह सिद्ध झाला. पुढे असंख्य रुग्ण प्रतिजैविकांच्या अल्पकालीन उपचाराने व्याधिमुक्त झाले. २००५ साली उभयतांस नोबेल पारितोषिक लाभले. रूढ मत पडताळून पाहण्याचे हे धैर्य आपल्या ज्ञातीतील तरुण डॉक्टरांच्या अंगी बाणो, हीच प्रार्थना.