ब्रेकमधून मिळणारी वीज

गाडी घेताना आपण आधी अ‍ॅव्हरेज विचारतो आणि मग बॉनेट उघडायला लावतो. इलेक्ट्रिक, हायब्रिड आणि हायड्रोजन या तिन्ही जातींच्या गाड्यांत मात्र बचतीचा एक मोठा धागा ब्रेकच्या पेडलपाशी सापडतो.

हिशेब करून पाहा. दीड टनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या गतीत सुमारे ३ लाख जूल ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या एका युनिटचा बारावा भाग. साधी गाडी सिग्नलला थांबली की ही सगळी ऊर्जा ब्रेक पॅड तापवण्यात जाते. ती परत मिळवण्याच्या युक्तीला आज 'रिजनरेटिव्ह ब्रेकिंग' म्हणतात. नाव नवे वाटले, तरी युक्ती सव्वाशे वर्षांची आहे.

तिचे मूळ यंत्राच्या एका गुणात आहे. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम यांच्या एका डायनॅमोला चालू असलेल्या दुसऱ्या डायनॅमोच्या तारा जोडल्या गेल्या आणि तो आपोआप फिरू लागला. वीज दिली की फिरणारे आणि फिरवले की वीज देणारे, असे हे एकच यंत्र! १८९०च्या दशकात पॅरिसमध्ये लुई क्रीगर यांनी बग्ग्यांचे घोडे सोडवून पुढच्या दोन्ही चाकांना मोटरी बसवल्या. ब्रेक लावताना वीज परत मिळावी म्हणून त्या मोटरींत तारेचे दुसरे वेटोळेही होते.

इंग्लंडमध्ये जॉन रॉवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच पद्धत ट्रामना लावली. पण रॉटनस्टॉल इथे मोठा अपघात झाला आणि १९११ मध्ये तिच्यावर बंदी आली.

युक्तीचे चीज झाले ते डोंगरात. आपल्याकडे बोरघाट आणि थळघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. चढताना इंजिनाचा दम निघतो, उतरताना ब्रेकचा. १९२८ पासून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या घाटांसाठी विजेची मालवाहू इंजिने आणली. लांबुडक्या नाकाची ही इंजिने जगभर 'क्रोकोडाइल' म्हणून ओळखली गेली. आपल्या रेल्वेवाल्यांनी मात्र त्यांच्या चमत्कारिक आवाजांवरून त्यांना 'खेकडा' करून टाकले. उताराला लागल्यावर खेकड्याच्या मोटरी जनित्र व्हायच्या आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जायची. उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हात द्यावा, असा हा मामला.

मोटारीला अशी वायर नसते. परत आलेली वीज साठवायला दमदार बॅटरी हवी. १९६७ मध्ये अमेरिकन मोटर्सने 'अ‍ॅमिट्रॉन' या प्रायोगिक गाडीत हे करून पाहिले, पण ती कधी विक्रीला आली नाही. बाजारात ही युक्ती रुजवली १९९७ च्या टोयोटा प्रियसने. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोटर आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असल्यामुळे ब्रेकमधली वीज पुन्हा गाडी हलवायला वापरता आली. २०१४ मध्ये आलेल्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या 'मिराई'मध्येही अशीच बॅटरी होती, कारण तिच्यातला फ्युएल सेल हायड्रोजनपासून वीज तयार करतो, पण परत आलेली वीज साठवू शकत नाही.

वीज परत येते ती ब्रेक लागला तरच, म्हणून हायब्रिडची कमाई दिसते ती सिग्नल आणि गर्दीच्या शहरात. एक्स्प्रेस-वेवर एकाच वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाबळेश्वरहून वाईकडे उतरायचे असेल, तर वर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीच्या विजेला जागा नसते. घाटाची वीज फुकट जाते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो.