युद्धाची तालीम आणि सातवीचा वर्ग

भायखळ्याच्या एका उर्दू शाळेत आम्ही इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात पानिपतचा धडा चालू होता. फळ्यावर १४ जानेवारी १७६१ ही तारीख लिहिली होती. तिच्याखाली अहमदशहा अब्दाली, सदाशिवराव भाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावे होती. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने अगदी निरागसपणे विचारले, "सर, इसमें हम जीते या हारे?"

वर्ग हसला नाही. सगळी मुले आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. हा 'हम' कोण? मुलगा महाराष्ट्राच्या मातीतला, त्याचे आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आलेले. मराठ्यांची हार ही त्याची हार मानायची, की अब्दालीची जीत ही त्याची जीत मानायची? बी.एड.च्या पाठटाचणात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. आम्ही घंटा होईपर्यंत काहीबाही बोललो आणि वर्गातून बाहेर पडलो. पण प्रश्न पाठ सोडीना. कारण हाच प्रश्न आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना रस्त्यावर, क्रिकेटच्या मैदानावर आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतही कोणी ना कोणी विचारणार होते, आणि तो इतका निरागसपणे विचारला जाणार नव्हता.

उत्तराची वाट आम्हाला सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरून आम्ही उरणला मामूंकडे गेलो होतो. बोलता बोलता करंजाच्या नौदल तळाचा विषय निघाला. मामू म्हणाले, "तिथे साहेब लोकांची शाळा होती. केस पिकलेले साहेब शिकायला यायचे!" आम्हाला ते नवल वाटले. शोध घेतला तेव्हा कळले, की मामूंचे म्हणणे खरे होते. आयएनएस करंजा या तळावर १९८८ साली नौदलाचे 'कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर' सुरू झाले. २०११ साली ते गोव्याला हलले आणि आता 'नेव्हल वॉर कॉलेज' या नावाने चालते. अर्धी नोकरी होऊन गेलेले कॅप्टन, कर्नल, ग्रुप कॅप्टन दर्जाचे अधिकारी येथे पुन्हा विद्यार्थी होतात. कवायत आणि बंदूक त्यांना ठाऊकच असते. येथे ते युद्धाचे शास्त्र आणि युद्धाचा इतिहास एकत्र बसून अभ्यासतात.

अशा संस्थांमधल्या अभ्यासाची रीत पाहण्यासारखी आहे. जुनी लढाई घेतात. नकाशावर किंवा वाळूच्या प्रतिकृतीवर नदी, टेकडी, रस्ते मांडतात. मग अधिकाऱ्यांना विचारतात : या क्षणी सेनापतीला काय माहीत होते? काय माहीत नव्हते? रसद किती दिवसांची होती? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय हुकूम दिला असता? 'वॉर गेम'मध्ये दोन गट पडतात, एकाला शत्रूची बाजू घ्यावीच लागते. शेवटी सगळे मिळून चुका मोजतात. येथे शत्रूला शिव्या देऊन गुण मिळत नाहीत. शत्रूच्या डोक्याने विचार करता आला तरच मिळतात.

ही रीत जुनी आहे. बर्लिनमध्ये १८०१ साली शार्नहॉर्स्ट नावाच्या अधिकाऱ्याने प्रशियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे एक अभ्यासमंडळ काढले. सभासद निबंध वाचत आणि त्यावर वाद घालत. युद्धशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथकार क्लाऊझेविट्झ त्या मंडळात होता. १८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला. तेव्हा सैन्य पुन्हा उभे करायला पुढे आलेल्यांमध्ये याच मंडळातले लोक होते. पराभवाकडे कसे पाहायचे याची तालीम त्यांनी आधीच घेतली होती.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी बलाढ्य ब्रिटिश सैन्याला जेरीस आणले. त्या युद्धात सरसेनापती राहिलेला लॉर्ड किचनर पुढे हिंदुस्थानच्या फौजेचा प्रमुख झाला, आणि १९०५ साली त्याने नाशिकजवळ देवळालीला स्टाफ कॉलेज उघडले. १९०७ साली ते क्वेट्ट्याला गेले. देवळालीच्या त्या वर्गात एकही हिंदी विद्यार्थी नव्हता. हिंदी शिपायाने मरायचे आणि गोऱ्या साहेबाने विचार करायचा, अशी ती वाटणी होती. करिअप्पा हे क्वेट्ट्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालेले पहिले हिंदी अधिकारी, आणि त्यासाठी १९३३ साल उजाडावे लागले. आम्हाला यातला अर्थ मोठा वाटतो. ज्याला युद्धाचा इतिहास तपासण्याचा हक्क नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या इतिहासात नुसते मरणे येते.

१९४७ साली फाळणीत हे कॉलेजही वाटले गेले. क्वेट्टा पाकिस्तानात राहिले आणि भारताचे स्टाफ कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला उभे राहिले. एका संस्थेत, एकाच नकाशांवर शिकलेले अधिकारी काही महिन्यांत काश्मीरमध्ये समोरासमोर आले. त्याच लढाईत नौशेरा राखणारे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे शहीद झाले. बलुच रेजिमेंटच्या या अधिकाऱ्याला पाकिस्तानचा रस्ता मोकळा होता. 'हम' म्हणजे कोण याचे उत्तर त्यांनी स्वतः निवडले होते.

हे सगळे वाचून आम्ही सातवीच्या वर्गात परत गेलो. फळ्यावर यमुना काढली. दिल्ली, कुंजपुरा, पानिपत, बागपत मांडले. वर्गाचे दोन गट केले, पण चिठ्ठ्या टाकून. अब्दालीकडे कोण आणि भाऊंकडे कोण हे चिठ्ठीने ठरले. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या, असा नियम केला.

मग मुलांपुढे गोष्टी एकेक करून ठेवल्या. भाऊ कुंजपुऱ्यापर्यंत पोहोचले, तेवढ्यात ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे होते. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. अडीच महिने छावणी वेढ्यात राहिली आणि शेवटी उपाशी फौज मैदानात उतरली. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे होता. इब्राहिमखान गारद्याची मदार तोफा आणि कवायती पायदळावर, म्हणून गोलाच्या लढाईवर होती. लढाईच्या दिवशी काही सरदार गोल मोडून पुढे धावले. गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती, पण दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली फौज पुढे काढली. भाऊंकडे तशी फौज उरली नव्हती.

आणि इब्राहिमखान? तो भाऊंच्या बाजूने लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. हे सांगितल्यावर वर्ग पुन्हा गप्प झाला. पण ही शांतता पहिल्या दिवसासारखी नव्हती.

एका पालकांनी आम्हाला अडवून विचारले, "मास्टरसाहब, बच्चों को लड़ाई क्यों सिखाते हो?" त्यांचा सवाल रास्त होता. भायखळ्याने १९९२-९३ पाहिले आहे. युद्धाचा अभ्यास करणारे शहाणे होतातच असेही नाही. अभ्यासात अग्रेसर असलेल्या जर्मन सेनापतींनी दोन महायुद्धांत जग पेटवले. पण आम्ही त्यांना म्हणालो, "चाचा, लढाईची कहाणी मुले तशीही ऐकतातच. सिनेमातून ऐकतात, भाषणातून ऐकतात. तिथे त्यांना फक्त जयजयकार मिळतो. आम्ही त्यांना हिशोब शिकवतो."

हा हिशोब आपल्या परंपरेला परका नाही. उहुदच्या लढाईत, इ.स. ६२५ मध्ये, टेकडीवरच्या तिरंदाजांनी हुकूम मोडून जागा सोडली आणि हाती आलेला विजय निसटला. मुसलमानांनी ही गोष्ट लपवली नाही. कुराण शरीफच्या आल-इमरान सूऱ्यात त्या चुकीचा उल्लेख आहे. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दमा'त रांगा बांधून लढणे आणि झडप घालून मागे हटणे या दोन रीतींची तुलना केली आहे. होळकर आणि गारदी यांच्यातला वाद तोच होता! पण आपल्या जलशांतून, तकरीरींतून आपण फतहचीच नावे मोजतो, आणि शेजारचा समाजही त्याच्या मिरवणुकीत तेच करतो. दोघेही उहुदची टेकडी विसरतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना पायी डॉकयार्ड रोडच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात नेले. येथे एके काळी माझगावचा किल्ला होता. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीला फौज उतरवली, माझगावचा किल्ला घेतला आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडले. शिबंदीने माझगाव घाईघाईत सोडले होते. कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने मोगलांशी भांडण उकरले, पण मुंबईच्या बचावाची तयारी केली नव्हती. शेवटी कंपनीने औरंगजेबाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, आणि १६९० साली सिद्दी मुंबई सोडून गेला.

मुले कठड्याला टेकून खालच्या गोद्या, बोटी आणि खाडीपलीकडचा धूसर किनारा पाहत होती. 'हम'चा प्रश्न विचारणारा मुलगा आता शाळेतून गेला आहे, पण त्याचा धाकटा भाऊ त्या दिवशी सोबत होता. त्याने बराच वेळ शिवडीच्या दिशेने पाहिले आणि विचारले, "सर, सिद्दी उतरा तब पहरे पर कौन था?"

आम्हाला बरे वाटले. सिद्दी आपला की परका, हे त्याने विचारले नव्हते. आम्ही त्याला म्हणालो, "चल, हेच शोधू या."